सिंधुकाकूंचं भेव

सिंधुकाकूंना भीती वाटली की त्या ती मोठ्याने सांगत. आभाळ गडगडलं, लिफ्टचं दार बंद झालं, नर्सने सुई काढली, की लगेच, "मले भेव लागून राहिलं व माय!" भिलाईच्या आमच्या सेक्टरात आमची दोन क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हे मी लहानपणापासून ऐकत आले. आई म्हणायची, "एवढ्या वयात जरा लाज धरावी." काकू हसत. "भेव का चोरीचा माल आहे, लपवून ठेवाले?"

काकूंचे यजमान स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. ते गेल्यावर घरात काकू आणि मुलगा विनोद, दोघंच. विनोद रसमड्याच्या एका कारखान्यात फिटर. काकूंच्या पोटातला कॅन्सर यकृतात पसरला, तेव्हा खासगी इस्पितळात मी त्याच्या सोबतीला जाऊ लागले.

एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता केमोचा उपयोग नाही. घरी न्या, त्रास होऊ देऊ नका." विनोद तसाच विम्याच्या खिडकीशी गेला. आतली मुलगी म्हणाली, "भैया, भर्ती रहेंगी, इलाज चलेगा, तभी क्लेम पास होगा. घर की नर्स, घर का ऑक्सीजन, इसमें कुछ नहीं आता." सरकारी कार्डाचंही तेच, भरती असेल तरच.

विनोद माझ्याकडे वळला. "दीदी, अजून एक केमो लावू. एक और. निदान बेड तर राहील. घरी आईला दुखलं तर मी काय करू?"

काकू व्हीलचेअरवर मागेच होत्या. "म्हणजे पलंग भेटावा म्हणून मले सुई घ्या लागते?"

विनोद वळून त्यांच्या खुर्चीशी वाकला.

"घरी दुखन, त्याचं भेव आहे मले. सुईचंही आहे. पण सुईनं काही होत नाही म्हणते ना डॉक्टर? मंग ते भेव कावून विकत घेता?"

विनोद तिथेच रडायला लागला. "मी नाही म्हटलं, तर मीच तुला मारलं असं होईल, आई."

"तू नाही मारून राहिला मले. बिमारी मारून राहिली. तिचं पाप तू कावून घेतं आपल्या डोक्यावर?"

खिडकीतली मुलगी हे ऐकत होती. आवाज खाली आणून म्हणाली, "दुर्ग के सरकारी अस्पताल में पूछिए. वहाँ ऐसे मरीजों के लिए अलग कमरा है."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्गला गेलो. तिथल्या नर्सबाईंनी काकूंच्या पोटावर हलका हात ठेवून कुठे दुखतं ते विचारलं. मॉर्फिनच्या गोळ्या फुकट मिळाल्या. फारच त्रास झाला तर बेडही मिळणार होता. गोळी कधी द्यायची ते नर्सबाईंनी विनोदकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतलं. "दाई ला पीरा होही, त फोन करहू," त्या छत्तीसगढीत म्हणाल्या, आईला दुखलं तर फोन करा.

औषधाची सोय झाली. उशाशी बसायला माणूस मात्र कोण देणार? विनोद ड्युटीवर गेला की मी काकूंजवळ बसे. त्यांचा श्वास मध्येच थांबे. मी वाकून छातीकडे बघत राही, आणि तो पुन्हा सुरू झाला की मगच मागे टेकून बसे. एका दुपारी गोळी लागू पडेपर्यंत त्या चादर मुठीत आवळून कण्हत होत्या. मध्येच माझ्याकडे पाहिलं. "तुले भेव लागते?"

"नाही, काकू."

"खोटं नको बोलू. पाह्य आपला हात, थंडा पडला."

"लागतं, काकू. खूप."

"मंग धर माहा हात. एकटीनं कावून भ्या लागते?"

त्या गेल्या त्या सकाळी विनोद घरीच होता. त्याने मला हाक मारली नाही. दार उघडंच होतं म्हणून मी आत डोकावले, तर तो ओल्या फडक्याने त्यांची हनुवटी पुसत होता.

"दो चम्मच पानी पिया, दीदी," तो म्हणाला. मग फडक्याची घडी करून त्याने ते उशाशी ठेवलं. "आता तिला दुखणार नाही ना?"

"नाही, विनोद."

त्याने मान हलवली. पण दुपारची गोळी त्याने मुठीत घट्ट धरून ठेवली होती.