हललेला टॅग

वडवणीची माझी मैत्रीण आणि मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलो आणि तिथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. दोन वर्षांत ती आमच्या टीमची प्रमुख झाली. पेढे मीच आणले. पण त्या दिवसापासून तिनं कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल मी उघडून वाचू लागले, चूक सापडते का बघायला.

आमचा प्रोग्राम दूध संकलन केंद्रांसाठी होता. केंद्रांना द्यायचा कोड ठरला, की त्यावर टॅग लावायचा, म्हणजे नावाची चिठ्ठी चिकटवायची. त्या सोमवारी सकाळी तिनं टॅग लावला. दुपारी कळलं, की फॅटचा आकडा चुकतोय. तिनं दुरुस्ती केली, तोच टॅग काढून नव्या कोडवर लावला आणि सगळ्यांना कळवलं.

मी फेच केलं, म्हणजे सर्व्हरवर जे नवं होतं ते माझ्या मशीनवर ओढून घेतलं. काही अडलं नाही. टॅगवरून प्रोग्राम तयार केला, तर आकडा अजून चुकलेलाच. मला किती आनंद झाला, हे सांगायची आज लाज वाटते. तिला न विचारता मी थेट कंपनीच्या सरांना लिहिलं, की दुरुस्ती झालेलीच नाही. सगळ्या टीमलाही तेच पाठवलं.

ती माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. सर्व्हरवरचा टॅग बघ म्हणाली. तो नव्या कोडवर होता. माझ्याकडचा अजून सकाळच्याच.

"फेच नवे टॅग आणतं," ती म्हणाली. "आपल्याकडं आधीपासून हाय तो टॅग तिकडं हलला, तरी इकडं बदलत न्हाई. फोर्स करून, म्हंजे जुन्यावर जबरीनं, आणावा लागतो. मला बी उशिराच कळलं."

मग तिनं सगळ्यांना लिहिलं, की चूक तिची होती, टॅग हलवण्याऐवजी नवा लावायला हवा होता. माझा उल्लेखही नव्हता. सरांनी तिचं कौतुक केलं. ती माझ्यावर चिडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

तीन दिवसांनी मी टीमला खरं काय ते लिहिलं, की दुरुस्ती झालेली होती, टॅग माझ्याकडचाच जुना होता आणि मी तिला न विचारताच तक्रार केली होती. ती मला चहाला घेऊन गेली आणि पुढचा टॅग तू लाव म्हणाली. मी हो म्हटलं. एवढा मोठेपणा हिला जमतो कसा, याचाच मला चहा संपेपर्यंत राग येत राहिला.