मेणात उरलेला तुकडा

मी उत्रोलीची. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. आमच्याकडे पेशंट येत नाहीत, त्यांच्या काचपट्ट्या येतात. म्हणून त्या दिवशी नऊवारीतल्या एक बाई थेट दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी चक्रावलेच.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यावरून त्या आल्या होत्या. नसरापूरपर्यंत जीप, पुढे एसटी. सासऱ्यांच्या पोटात मोठी गाठ होती. आधीच्या दवाखान्याच्या रिपोर्टात ‘स्नायूचा सार्कोमा’, म्हणजे स्नायूचा कर्करोग, असं लिहिलेलं. गाठ यकृताला चिकटलीय, ऑपरेशन जमणार नाही, असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. बाईंनी मात्र तिथून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा मागून घेतला होता आणि फडक्यात बांधून आणला होता.

“ताई, ह्यात परत बगता येतं का?”

“येतं. पण तेच निघालं तर?”

“निगू द्या. एकदा नीट बगा म्हंजी झालं.”

मी नवी काचपट्टी केली. लांबट पेशी, जुडग्याजुडग्यांनी. नुसत्या डोळ्यांनी मीही तेच निदान लिहिलं असतं. पण आतड्याच्या भिंतीतून उठणारा दुसरा एक सार्कोमा हुबेहूब असाच दिसतो, आणि त्याच्यावर गोळी चालते. दोघांना वेगळं करायचं तर पेशीतली प्रथिनं ओळखणारे मार्कर लावायचे. ओळख पटली की पेशी तपकिरी होतात, नाही पटली तर निळ्याच राहतात.

आमचे सर म्हणाले, “तुकडा जेमतेम उरलाय. कापून संपवशील.”

“तीनच काप घेते, सर.”

एक स्नायूच्या मार्करसाठी, दोन त्या दुसऱ्या गाठीच्या मार्करांसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचपट्ट्या हातात आल्या. स्नायूच्या मार्करची पट्टी निळी, कोरी. दुसरी लावली आणि मी खुर्चीतून उठलेच. या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी! तिसरीही तशीच. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही. मग बाहेर जाऊन ओरडले, “अरे, या सगळे! हे बघा!”

बाईंना फोन लावला. वाड्यावर रेंज नव्हती, संध्याकाळी लागला.

“निदान बदललंय. ह्याला गोळी आहे.”

“गोळी? निस्ती गोळी?”

“रोज एक. डॉक्टर सांगतील तोवर.”

पलीकडून त्या कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत पळत सुटल्याचं ऐकू आलं. फोन तसाच चालू.

काही महिन्यांत गाठ आक्रसली, यकृतापासून सुटली आणि सर्जननी ती अख्खी काढली. ती माझ्याच टेबलावर आली. जवळजवळ सगळी मेलेली होती.

गोळ्या अजून चालू आहेत. मागच्या महिन्यात बाईंबरोबर तपासणीला आले तेव्हा त्यांचे सासरे, आता आमचे मामा, स्वतः लॅबमध्ये आले, खरवसाचा डबा घेऊन. मी त्यांच्याच गाठीची काचपट्टी लावून त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. एक डोळा घट्ट मिटून ते बघत राहिले.

“येवढीशी हाय व्हय ही! आन् म्या हिला भ्यालो?”

सर आधी हसले, मग आम्ही सगळेच. मामा मात्र उठेनात. “थांबा, सुनेला बी दावू द्या,” म्हणाले.