जयंतीची लाकडी जमीन

जोगेश्वरीला आमच्या बिल्डिंगखाली जयंतीचं तळघर आहे. तिचा नवरा सीताराम मांडवाचा धंदा करायचा. बांबू, कनाती, खुर्च्या सगळं तिथे रचलेलं असायचं. दोन वर्षांपूर्वी तो गेला, सामान विकलं आणि तळघर रिकामं झालं. मुलगा सुबोध म्हणाला, कुरिअरवाल्याला भाड्याने देऊ. जयंती म्हणाली, "नाय. मी तिथे लाकडी जमीन घालणार. फुगडी खेळायला."

लोकांना वाटलं, बाई खुळावली. मला नाही वाटलं. आमचं फुगडी मंडळ तिनेच उभं केलेलं. आम्ही सगळ्या पन्नाशीपुढच्या, माहेर-सासर दोन्ही कोकणातलं. गच्चीच्या सिमेंटवर आणि हॉलच्या लादीवर उड्या मारून आमच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. पण खरं कारण गुडघे नव्हतेच. सीताराम गेल्यानंतरच्या पहिल्याच गौरीला तिची नणंद शकु भर बायकांत म्हणाली होती, "वहिनी, आता फुगडीत सवाष्णीच बऱ्या. तू आत चहाचं बघ." जिने आम्हाला फुगडी शिकवली, तिला आत धाडलं. जयंती गेली मुकाट्याने. बाहेर फुगडीला कोणाचा पाय उचलला नाही. शकुची मला अजून चीड येते आणि ती लपवायची मला काही गरज वाटत नाही.

यंदा सुबोधचं लग्न झालं, रुचिरा सून म्हणून आली. सुनेची पहिली गौर. त्या दिवशी खेळायचंच, आणि जिथून कोणी उठवू शकणार नाही अशा आपल्या जमिनीवर खेळायचं, हे जयंतीने ठरवून टाकलं होतं.

दुकानात मी तिच्याबरोबर गेले. विकणारा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बेसमेंटला लाकूड टिकत नाही, आंटी. व्हिनाईलची प्लास्टिक शीट टाका. दिसायला सेम टू सेम."

"मला बघत बसायचं नाय रे, नाचायचंय," जयंती म्हणाली. "त्या व्हिनाईलखाली पायाला लागणार सिमेंटच ना?"

तिने नमुन्याचे तुकडे मागून घेतले, घरी आणले आणि धुण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. सुबोधने कपाळाला हात लावला. सकाळी लॅमिनेटचा तुकडा चहात बुडवलेल्या बटरासारखा फुगला होता. अख्ख्या सागवानाची पट्टी वाकली होती. तिसरा तुकडा इंजिनिअर्ड लाकडाचा होता. खाली प्लायचे उभे-आडवे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. तो मात्र जसाच्या तसा. जयंतीने तो पुसला, पदराखाली धरला आणि दुकानात जाऊन त्या माणसापुढे ठेवला. "हाच पाहिजे."

तरी सुबोधची कुरकुर चालूच. तळघरात ओल आहे, आई, पैसे पाण्यात जातील. मग जयंतीने सिमेंटवर ठिकठिकाणी प्लास्टिकचे तुकडे चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघितले. एका कोपऱ्यात खाली थेंब जमले होते. बाहेरचा पाइप तिथेच गळत होता. तिने प्लंबर बोलावला, पाइप बदलून घेतला आणि तो कोपरा नीट सुकेपर्यंत कामाला हात लावू दिला नाही. मग ओल अडवणारा जाड कागद, त्यावर फोम आणि वर फळ्या. मी चप्पल काढून उभी राहिले तर पायाखाली जमीन किंचित दबली. एवढ्या वर्षांत जमिनीने माझं काही ऐकल्याचं मला पहिल्यांदा वाटलं.

गौरीच्या आदल्या दिवशी शकु बघायला आली. "वहिनी, नव्या जमिनीचा नारळ रुचिराच्या हातून फोडून घे हो. सवाष्ण आहे. आणि आधी दोन बादल्या ओतून स्वच्छ धुऊन घे."

"या जमिनीवर नारळ कोणीच फोडायचा नाय," जयंती म्हणाली. "खळगा पडतो. आणि पाणी ओतायचं नाय. घट्ट पिळलेलं फडकं."



गौरीला दुपारी आम्ही सगळ्या तळघरात उतरलो. जयंती पदर खोचून थेट मधोमध जाऊन उभी राहिली. शकु जिन्यावरून बोलली, "वहिनी, सुनेची पहिली गौर आहे. तू मध्ये नको. लोक काय म्हणतील?"

"आई, आत्या चिडेल गं," सुबोध पुटपुटला.

"चिडू दे." जयंती नणंदेकडे वळली. ती रागावली की तिच्या तोंडी सरळ मालवणी येते. "शकु, मी तुका चलत नाय तर तू त्या जिन्यार बस. थंय लादी आसा."

कोणी हसलं नाही. सगळ्या रुचिराकडे बघायला लागल्या, कारण आज मानाची सवाष्ण तीच आणि गौरही तिचीच. रुचिराने बांगड्या मागे सारल्या आणि सासूपुढे दोन्ही हात केले. "आई, मला फुगडी येत नाही. शिकवाल?"

जयंतीचे डोळे भरले, पण आवाज नाही हलला. "पाय जुळव. आता मागे रेल. आणखी रेल. घाबरू नको, मी धरलंय."

सासू-सून गरगर फिरायला लागल्या. आम्ही भोवती फेर धरला आणि फळ्या दणाणल्या. शकु जिन्याच्या लादीवर बसून होती. जयंतीने तिकडे एकदाही बघितलं नाही.