ठिकाण न लिहिलेलं पत्रक

सकाळी सात ते साडेसात, शारीरिक शिक्षण. भाचीच्या वेळापत्रकातली ही ओळ मी लाल शाईनं लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. वेळापत्रक एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर होतं. आमच्या घरात कोरा कागद म्हणजे कुठल्या तरी पत्रकाची उरलेली पाठ, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची मुलगी. सीमाभागातल्या वडगावात आमचं घर. खाली मागाची खोली, वर आम्ही. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा ती बालवाडीत होती. शाळा उघडल्या तेव्हा मी अण्णाला म्हणाले, तिला परत पाठवू नकोस, मी शिकवते. माझ्याकडं कारणांची रास होती. शाळा मुलांना रांगेत उभं करते, घंटेवर उठवते, घंटेवर बसवते, दुसऱ्याच्या भाषेत गप्प राहायला शिकवते. हे सगळं मी लिहून ठेवलं होतं. आजही त्यातला एक शब्द मागं घ्यायला मी तयार नाही. अण्णा मागाच्या आवाजात अर्धंच ऐकतो. तो म्हणाला, बरं. 

पाच वर्षांत भाची मराठी झरझर वाचायला लागली, कन्नड पेपरातले मथळे आम्हाला वाचून दाखवायला लागली, अपूर्णांक तिनं साडीच्या काठाचे भाग पाडून शिकले. मी खूश होते. शरीराचा विचार मी सात ते साडेसातमध्ये उरकला होता. कॉट आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बारा सूर्यनमस्कार. ती मोबाईलवरच्या बाईकडं बघत हात वर करायची, खाली न्यायची. शनिवारी मी परीक्षा घ्यायची आणि वहीत "उत्तम" लिहायची. बाकी दिवसभर ती खिडकीत बसून वाचायची. खाली मागाचा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं धावत असायचा. घरात त्याच्याइतकं पळणारं दुसरं कोणी नव्हतं.

हे पहिल्यांदा वहिनीच्या ध्यानात आलं. जिन्यावरून सुताच्या कांड्यांची टोपली वर आणताना पोरगी मधल्या पायरीवर टेकते, असं तिनं दोन-तीनदा सांगितलं. मी म्हणाले, टोपली जड असेल.

मग बेळगुंदी झाली. वहिनीचं माहेर बेळगुंदीचं. रताळी काढायच्या दिवसांत ती दरवर्षी चार दिवस जाते, त्या वर्षी भाचीबरोबर मीही गेले. संध्याकाळी शिवारातून आलेली पोरं खळ्यावर खो-खो खेळायला बसली. भाचीला पहिल्याच डावात पळायला सोडलं. तिनं दोन वळसे घेतले, तिसऱ्याला तिचा पाय पायात अडकला आणि ती गुडघ्यावर पडली. उठून बाजूला जाऊन बसली, कुशीला हात लावून. मला वाटलं, लागलं असेल. लागलं नव्हतं. तिला श्वास घेता येत नव्हता.

तिची मामेबहीण, तिच्यापेक्षा वर्षानं लहान, खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाली, "घरच्या शाळंत पळाय शिकवत न्हाईत व्हय गं?"

बाकीची पोरं हसली. पुढचे तीन दिवस ती "बसून खेळणारी पाव्हणी" झाली. मी खळ्याच्या कडेला उभी होते आणि माझ्या डोक्यात वाक्यं तयार होत होती, स्पर्धेविरुद्ध, हिणवण्याविरुद्ध. ती वाक्यं मी कुणाला ऐकवणार होते, त्या नऊ वर्षांच्या पोरीला?

परतीच्या बसमध्ये भाची म्हणाली, "मला शाळेत घाल."

का, म्हणून मी विचारलं.

"शाळेत पळायला मिळतं."

वहिनी पुढच्या सीटवर होती. तिनं मागं न वळता सांगितलं की जूनपर्यंत बघू. तोवर पोरगी अशीच बसून राहिली, तर जूनमध्ये शाळा. वन्सं, तुमची तत्त्वं तुमच्याजवळ असू देत, असंही म्हणाली. वहिनी मला वन्सं म्हणते तेव्हा विषय संपलेला असतो.

घरी आल्यावर माझी चिडचिड सुरू झाली. वेळापत्रक बदललं, सूर्यनमस्कार चोवीस केले. भाचीनं पहिल्या दिवशी चोवीस केले, दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणाली, तिसऱ्या दिवशी चादर डोक्यावरून ओढून घेतली. मी ओरडले. ओरडताना मलाच ऐकू आलं की मी घंटा झाले आहे.

मला समजेना, माझं कसं झालं होतं? मीही घरीच शिकले. आमच्या गल्लीतली मराठी शाळा पोरं कमी म्हणून बंद झाली तेव्हा मी चौथीत होते. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला दुसऱ्या कुठल्या शाळेत घातलं नाही. ते दिवसा माग चालवायचे आणि उरलेल्या वेळात सीमाभागाच्या लढ्याची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे. "जाहीर आवाहन" हे दोन शब्द मी बाराखडीच्या आधी ओळखायला लागले होते. मला कुणी कधी कवायत शिकवली नाही. तरी मी कधी धापा टाकल्याचं आठवत नाही.

कारण पत्रकं वाटायची होती. सभेच्या आदल्या दिवशी आप्पा माझ्या हातात गठ्ठा द्यायचे आणि खासबाग, वडगाव, शहापूर, ज्या गल्ल्या वाट्याला येतील त्या संपवायच्या. त्यांचा नियम कडक. पत्रक दारात फेकायचं नाही, फटीतून सरकवायचं नाही. माणसाच्या हातात द्यायचं, आणि त्यानं पहिली ओळ वाचेपर्यंत थांबायचं. वरच्या मजल्यावर माणूस असेल तर वर जायचं. कुत्रं असेल तर पळायचं, पण परत यायचं. मी जिने चढले, गटारं ओलांडली, गठ्ठा छातीशी धरून अंधार पडायच्या आत घर गाठायला धावले. तो माझा पीटीचा तास होता आणि मला ते माहीत नव्हतं. आता पत्रकं मोबाईलवर येतात. अंगठा तेवढा हलतो.

हे उमगल्यावर मला रात्रभर दम निघाला नाही. सकाळी उठून मी पत्रक लिहायला बसले. मुलांनी रोज संध्याकाळी एकत्र खेळावं म्हणून पत्रक. जागाही हेरली होती. मागच्या गल्लीच्या टोकाला एक लांबट मोकळी पट्टी आहे. हातमागाच्या काळात तिथं सुताचे ताणे पसरून त्यांना खळ लावायचे. ताणा बांधायचे दोन दगडी खुंट अजून दोन टोकांना उभे आहेत. मधे काटेरी झुडपं वाढलेली. मी आणि भाचीनं दोन दिवस खपून ती काढली. खरं तर मी काढली, ती सावलीत बसून मोजत होती.

पत्रक झकास उतरलं. "जाहीर आवाहन. आमच्या मुलांचे पाय कुणी बांधले?" अशी सुरुवात. मग चार भिंती, मोबाईल, शिकवण्या, मैदानं गिळणाऱ्या इमारती, मुलांना बसवून ठेवणारी शाळा. शेवटी, "उठा, या, धावा!" आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यांचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत, पण पत्रक वाचताना ते ताठ बसतात. म्हणाले, "जोर हाय." आमच्या घरात याच्यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

मी आणि भाची वाटायला निघालो. आप्पांचा नियम तिला सांगितला. पहिल्या गल्लीत ती माझ्या मागं होती, दुसऱ्या गल्लीत कोपऱ्यावर थांबली, तिसरी गल्ली मी एकटीनं संपवली. तिला सगळ्यात नकोसं वाटत होतं ते माणसानं पहिली ओळ वाचेपर्यंत त्याच्यासमोर उभं राहणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी पट्टीवर जाऊन बसलो. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी समाजावर चिडले. लोक वाचत नाहीत, वाचलं तर समजून घेत नाहीत, समजलं तर उठत नाहीत. भाची खडे मांडत होती. चौथ्या दिवशी मी तिला दोऱ्याचं रीळ आणायला खासबागेतल्या दुकानात पाठवलं आणि गॅलरीत उभी राहिले.

ती पळत आली. गल्लीच्या टोकापासून घरापर्यंत, चप्पल एका हातात धरून, मधे न थांबता. जिनासुद्धा. मी तिला असं पळताना बघितलं ते पहिल्यांदाच, आणि घाबरून विचारलं की काय झालं.

"आत्या, कुठं यायचं ते लिहिलंच न्हाय आपण. दुकानातल्या काकू इचारायल्यात, पोरानं कुठं यायचं आणि किती वाजता?"

मी पत्रक हातात घेतलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. ठिकाण नव्हतं. वेळ नव्हती. आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. मग हळूच म्हणाले की आपल्या पत्रकावर ठिकाण कधी लागायचंच नाही, सभा कुठं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. खरं होतं. मी त्या पत्रकांवर वाढले होते. जोर कुठून आणायचा ते मला येत होतं, पण ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला कुठं बोलवायचं, हे मी कधी शिकलेच नव्हते.

मी म्हणाले, दुसरं छापू. भाची म्हणाली, नको, मी सांगून येते.

तिनं माझ्याकडून गल्ल्यांची यादी घेतली आणि ती गेली. मी निघाले तर म्हणाली, तू बस. तीन संध्याकाळी ती त्याच दारांवर परत गेली. पत्रक दाखवायचं आणि तोंडानं सांगायचं, मागच्या गल्लीत, दोन खुंटांपाशी, सहा वाजता. पहिली ओळ वाचायला ती कुणाला थांबवत नव्हती. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि फ्रॉक पाठीला चिकटला होता. मी "उत्तम" लिहायची वही उघडली, मग मिटली.

आठवड्याभरात आठ-नऊ मुलं जमायला लागली. त्यातलं एकही घरी शिकणारं नव्हतं. सगळी शाळेची. मला हे पचायला वेळ लागला. माझ्या डोळ्यांसमोर होती ती माझ्यासारख्यांची मुलं, आणि आली ती गणवेशातच, दप्तर खुंटाला टेकवून. एकीच्या शाळेला मैदान नव्हतं, एकीच्या शाळेत होतं पण शिकवणीला पळावं लागायचं. दोन खुंटांच्या मधे ती बसली आणि खो-खो सुरू झाला. भाची पहिला महिना लवकर बाद व्हायची. मग बाद व्हायला वेळ लागायला लागला. मी काठावर बसून बघायची, आणि उगाच उठून दोन येरझाऱ्या घालायची.

मे महिन्यात वहिनी एकदा मागावरून उठून सरळ पट्टीवर आली, हाताला सूत तसंच. भाची तेव्हा पळत होती. एकाला हुलकावणी देऊन तिनं खुंटाला वळसा घेतला आणि परत रांगेत शिरली.  "पळतीय की," वहिनी एवढंच म्हणाली. मला वाटलं, जिंकले. जून टळला.

त्याच आठवड्यात भाची माझ्याजवळ आली. आम्ही चाकावर कांड्या भरत होतो. पट्टीवर येणाऱ्या दोन मुली ज्या शाळेत जातात, तिथला खो-खोचा संघ तालुक्याला जाणार होता. त्यांना एक मुलगी कमी पडत होती. शाळेत नाव असलेलीच चालते. हे तिनं एका दमात सांगितलं. मग चाकाकडं बघत विचारलं, "आत्या, मी गेले तर तुला राग येईल?"

माझ्या तोंडात पंधरा पत्रकं आली. शाळेबाहेरच्या मुलाला मैदान का बंद, नावनोंदणी नाही म्हणून पाय खोटे ठरतात का, हा अन्याय नाही का. आहे. मी तो लिहीनही. पण ती उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या हातातलं चाक थांबलं होतं.

"येईल," मी म्हणाले. "तू जा."

जूनमध्ये ती शाळेत गेली. पहिल्या सकाळी सात वाजता मी उठले आणि करायला काही नव्हतं. भिंतीवर वेळापत्रक होतं, ते उलटं केलं तर मागच्या बाजूला आप्पांचं एक आवाहन. खाली माग सुरू झाला. मी जिना उतरले, परत चढले, परत उतरले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले. लोक मला विचारायला लागले, काय हरवलंय का. संध्याकाळपर्यंत मी तशीच होते.

सहा वाजता पट्टीवर गेले. भाची दप्तर फेकून माझ्याकडं आली. तिचे कान तापले होते. पीटीचा तास होता, बाईंनी तो गणिताला घेतला. कुणी काही बोललं नाही. रोज असंच करतात म्हणे. ती विचारत होती, संघ खेळायचा तर कधी, असं कसं चालेल, कुणी काही म्हणत कसं न्हाय.

मी म्हणाले, आधी बाईंशी नीट बोल.

"बोलले," ती म्हणाली. मागं मुलं तिला हाका मारत होती, डाव लावायचा होता. ती गेली नाही. खुंटाशी फेकलेलं दप्तर उघडून तिनं वही काढली, मधलं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवलं, आणि पेनाचं टोपण दातात धरून मला विचारलं, "सुरुवात कशी करू?"