सव्वीस ग्रॅमचे बाण

माझे थोरले भाऊ जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवायचे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मी धुळ्याला सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे माझ्या हातून जन्मभर नुसत्या फायली पुढं सरकल्या. नानांच्या हातून नथी, पोती, कर्णफुलं निघाली. त्या हाताचा मला फार अभिमान होता, आणि तोच हात मी घालवला. हे मी आता कुणालाही तोंडावर सांगतो. लोक म्हणतात, "जाऊ द्या हो, मनाला लावून घेऊ नका." मनाला नाही लावायचं तर कुठं लावायचं?

साठी ओलांडल्यावर नानांचा उजवा हात थोडा थरथरायला लागला. थोडाच, पण एकदा नथीची तार जोडताना ती हलली आणि मालकाच्या नजरेत आलं. मालकानं गोड बोलून त्यांना घरी बसवलं. घरी ते गल्लीतल्या बायकांची किरकोळ दुरुस्ती करायचे, पैंजणाचा आकडा, जोडव्याचा सांधा, असलं काहीबाही. पण चिमटा उचलण्याआधी ते हाताकडे बघायचे. "धरेल का रे हा?" असं मला विचारायचे. मी काय सांगणार, कपाळ?

एकदा नात्यातल्या साखरपुड्यासाठी ते धुळ्याला आले होते. दुपारच्या सुट्टीत मी त्यांना कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या मनोरंजनाच्या खोलीत एक कॅरम होता आणि एका सहकाऱ्यानं हौसेनं आणलेला डार्टबोर्ड. पितळेचे तीन बाण होते, दिसायला जाडजूड पण हातात हलके. नानांनी सहज एक उचलला, डोळा बारीक केला आणि टाकला. लागला मधोमध. दुसरा त्याला चिकटून. तिसरा त्या दोघांवर आपटून खाली पडला. परत टाकले, परत तेच. माणसं डबे उघडे टाकून बघायला आली.

"बाण जाड शेतस रे," नाना आमच्या बोलीत म्हणाले. तिसऱ्याला जागाच राहत नाही, ही त्यांची तक्रार. आणि ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. स्टँडवर बसमध्ये चढताना त्यांनी माझा दंड धरला. "मला बारीक बाणांचा एक संच आणून दे. रोज टाकत जाईन. हात शे अजून."

मग मी चौकशीला लागलो. तो डार्टवाला सहकारी म्हणाला, पितळेत वजन हवं तर बाण जाड करावा लागतो. टंगस्टन भारी धातू, तेवढंच वजन बारीक अंगात मावतं. नव्वद टक्के टंगस्टनचा संच महाग, ऐंशीचा स्वस्त, आणि सुरुवात करणाऱ्याला ऐंशी भरपूर झाला. मी हे फोनवर सांगितलं तर नानांना लगेच कळलं. "म्हणजे बावीस कॅरेट आणि अठरा कॅरेट. मला अठरा बास."

जळगावच्या खेळांच्या दुकानात दुकानदारानं तीन डब्या पुढं ठेवल्या. बावीस ग्रॅम, चोवीस ग्रॅम, सव्वीस ग्रॅम. तिन्हींची किंमत एकच. "कुणासाठी?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "मग बावीसचाच न्या. नवा हात, त्यात थरथर. जड बाण खाली पडतो." वर म्हणाला, तिथं बोर्ड टांगलाय, दोन टाकून बघा. मी म्हणालो, घाई आहे.

घाई कसली डोंबलाची! मला वाटलं, हा न खपलेला हलका माल माझ्या गळ्यात मारतोय. आमचं घरच सोनाराचं. धातू वजनावर घ्यायचा, एवढंच लहानपणापासून कानावर पडलेलं. एकाच किमतीत बाणामागं चार ग्रॅम जास्त मिळत असताना कमी कोण घेईल? मी सव्वीसची डबी उचलली आणि दुकानदारावर मात केल्याच्या थाटात बाहेर पडलो. मी म्हणजे फार शहाणा.

नानांनी आपला छोटा काटा काढला. तिन्ही बाण एकेक करून तोलले. फरक गुंजेचाही नव्हता. "तीन मिळून पावणेआठ तोळे," ते म्हणाले. "चांगलं वजन आणलंस रे." मी फुगलो. त्यांच्या कामाच्या खोलीत आम्ही भिंतीला प्लायवूड ठोकलं, त्यावर टेपनं मोजून बोर्ड टांगला, सात फूट नऊ इंचावर खडूनं रेघ ओढली.

पहिला बाण बोर्डाच्या खाली प्लायवूडमध्ये गेला. दुसराही. तिसराही. नाना हाताकडे बघायला लागले.

"नाना, जरा वर नेम धरा," मी म्हणालो.

ते भडकले. "बघायचं एकीकडं आणि मारायचं दुसरीकडं? चाळीस वर्षं जिथं नजर तिथं हात ठेवला मी. आता म्हातारपणी त्याला लबाडी शिकवू?"

महिनाभर ते रोज सकाळी आंघोळ झाली की रेघेवर उभे राहायचे. मी धुळ्याहून फोन करायचो. "आज कसं?" उत्तर ठरलेलं, "खालेच." एके दिवशी ते म्हणाले, "मन्हा हात आते कामना नही ऱ्हायना." आवाज अगदी शांत होता. आणि मी, मूर्ख माणूस, त्यांना धीर द्यायला म्हणालो, "वय झालं नाना, चालायचंच."

त्याच आठवड्यात त्यांनी चिमटे, कानशी, फुंकणी सगळं जुन्या दुकानातल्या कारागिरांना देऊन टाकलं. गल्लीतल्या बायका यायच्या, तर "बाजारात न्या" म्हणायचे. वहिनींच्या पैंजणाचा आकडा तुटला, तोही बाजारात गेला. त्यांच्या लग्नातलं पैंजण, नानांनी स्वतः घडवलेलं. दुसऱ्याच्या हातचा आकडा लावून आलं तेव्हा वहिनींनी ते पायात न घालता डब्यात ठेवून दिलं. बोर्डाखालचं प्लायवूड वाईट दिसतं म्हणून वहिनींनी तिथं मोठं कॅलेंडर टांगलं.

दोन वर्षांनी एका सकाळी नाना चहाचा कप खाली ठेवून गेले. कसला आजार नाही, काही नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि ती खोली भाड्यानं द्यायचं ठरलं. सामान काढायला मी गेलो. वहिनी दारात बसून भांडी गुंडाळत होत्या. बाणांची डबी काट्याशेजारीच होती. खडूची रेघ पुसट झाली होती, पण दिसत होती. काय वाटलं कुणास ठाऊक, मी रेघेवर उभा राहिलो. तोवर मी ते बाण एकदाही टाकले नव्हते. आणून दिले, कौतुक करून घेतलं, आणि धुळ्याला निघून गेलो होतो. माझा हात धडधाकट, कशाची थरथर नाही. मी मधोमध बघून टाकला.

बाण कॅलेंडरमध्ये घुसला. दुसरा आणि तिसराही कॅलेंडरमध्येच, एक पार डावीकडे, एक उजव्या कोपऱ्यात. जड बाण खाली पडतो. दुकानदार मला सरळ मराठीत सांगत होता.

मी कॅलेंडर काढलं. मला वाटलं होतं, मागं चाळण झाली असेल. महिनाभर रोज चुकणाऱ्या माणसाचं लाकूड कसं असणार? तसं काही नव्हतं. माझी तीन ताजी भोकं तीन दिशांना होती. आणि मधल्या लाल ठिपक्याच्या बरोबर खाली, सरळ ओळंब्यात, एकच खड्डा होता. लाकडाचा भुसा झालेला, बोटाचं टोक जाईल एवढा. मी खिशातून रुपयाचं नाणं काढून त्यावर धरलं. सगळं झाकलं गेलं. महिनाभराचे बाण, त्या थरथरत्या हातानं टाकलेले, एका रुपयाखाली मावले.

मी तिथंच रडायला लागलो. वहिनी हातातलं भांडं ठेवून धावत आल्या.

"वहिनी, त्यांचा हात गेला नव्हता," मी म्हणालो. "बाण जड होते. मी चुकीचे आणले."

त्यांनी वाकून तो खड्डा पाहिला. पदरानं त्यातला भुसा हलकेच पुसला.

"भाऊजी, हे त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "कुणी घरी आलं की ते तो हात शालीखाली लपवून बसायचे."