मधली पट्टी

"एक डाव बघू द्या," असं म्हणून ते गिऱ्हाइकाच्या हातातली खोळ परत घ्यायचे. एकदा नाही, दोनदा, तीनदा. शिलाईवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवायचे, मध्येच थांबून नखाने दोरा दाबायचे आणि नाइलाजाने वस्तू परत द्यायचे. माणूस ओटा उतरला की पुन्हा हाक. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्या हातून काम पुरं होतं पण सुटत नाही. अशा माणसाशेजारी नऊ वर्षं धंदा करून बघा, मग माझ्या तापट स्वभावाला नावं ठेवा.

बेलापुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावर, पायरीच्या डाव्या अंगाला ते बसायचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही. चपला, कमरेचे पट्टे, बैलाच्या गळ्यातले पट्टे असं सगळंच शिवायचे, पण जीव सगळा कुऱ्हाडीच्या खोळीत. पात्यावर चढवायची ही चामड्याची पिशवी. लोक पातं गोणपाटात गुंडाळून न्यायला तयार असत. मामांना ते बघवायचं नाही. माझ्या दुकानातून कुणी कुऱ्हाड घेऊन निघाला की हे ओट्यावरून त्याला अडवायचे. "उघडं पातं घेऊन कुटं निगालात?" जणू माणूस अंगात सदरा न घालताच बाहेर पडलाय.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कुऱ्हाड जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठेवून पेन्सिलीने कड काढायची. बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड चामडं रापीने कापायचं, पाण्यात भिजवायचं, पात्यावर दुमडून कच्ची शिलाई घालायची आणि पात्याचा आकार धरेपर्यंत तसंच ठेवायचं. मग धारेकडची शिलाई उसवायची आणि दोन्ही पदरांच्या मध्ये चामड्याची एक अरुंद पट्टी घालून पुन्हा पक्कं शिवायचं. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यावर नाही. शेवटी वर टिचबटण. पट्टी वाळून कडक होऊ नये म्हणून ती ओलीच सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, अंगाच्या उबेला. त्यामुळे त्यांच्या सदऱ्यावर डाव्या बाजूला कायमचा तपकिरी डाग असायचा.

बूड म्हणून एका जागी ठरत नव्हतं त्यांचं. चहा अर्धा प्यायले की उठून कुणाच्या तरी पिशवीतून काय डोकावतंय ते बघून यायचे. रविवारी चर्चमध्ये मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायचे, मधूनच बाहेर जाऊन येता यावं म्हणून. मी म्हणायचे, मामा, तुम्ही स्वर्गात गेलात तरी दारातच उभे राहाल. ते म्हणायचे, दारापाशी कुनीतरी लागतंच की.

आता जे सांगायचंय ते सांगते. बरेच दिवस टाळलंय.

पाथर्डीकडची एक बाई, ऊसतोडीच्या टोळीतली, कुऱ्हाड घेऊन आली. सरपणासाठी टोळीत कुऱ्हाड लागतेच. दुसऱ्या दिवशी, रविवारी, टोळी मुक्काम हलवणार होती. ट्रॉलीत अंथरुणात कुऱ्हाड आणि अंथरुणावर तिची दोन लहान पोरं, असा प्रवास. म्हणून तिला खोळ हवी होती. मामांनी सकाळीच काम धरलं. दुपार कलली तरी ही बाई ओट्याखाली उभीच. तिची रिक्षा हॉर्न वाजवत होती, माझ्याकडे पत्र्याचं गिऱ्हाईक भाव करत होतं आणि मामांचा अंगठा आपला शिलाईवरून फिरतोच आहे. माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले, त्यांच्या हातातली कुऱ्हाड खोळीसकट ओढून घेतली आणि त्या बाईच्या हातात दिली. "पुरे झालं मामा. बाई केव्हाची ताटकळत उभी आहे." मामांनी तोंड उघडलं होतं. पण रिक्षा सुटली होती आणि मी पुन्हा पत्र्याकडे वळले होते.

रविवारी दहाच्या सुमाराला ते माझ्या घरी आले, धापा टाकत. मी डोक्याला तेल लावून बसले होते. चर्चमध्ये दानाची थैली फिरत त्यांच्यापर्यंत आली, नाणं काढायला त्यांनी खिशात हात घातला आणि नाण्याबरोबर पट्टी हाताला लागली. शनिवारी मी ओढून घेतली ती खोळ कच्च्या शिलाईची होती. शिलाईत काहीतरी राहिलंय एवढं त्यांना जाणवत होतं, तेच अंगठा शोधत होता, आणि मी शोधू दिलं नव्हतं. ते थैली पुढे न सरकवता तसेच उठले होते.

मी तरीही म्हटलं, एका पट्टीसाठी एवढं काय.

"ताई, धार दोऱ्यावर बसलीय. एकेका खड्ड्याला एकेक टाका जाईल. वर पोरं हायेत."

मी तेलकट केसांवरच ओढणी गुंडाळली आणि स्कूटर काढली. ना त्या बाईचा नंबर, ना मुकादमाचा. टोळीच्या मुक्कामावर पोचलो तर पाचटाच्या कोप्या मोडलेल्या, चुलींची राख तेवढी उरलेली. शेतावरचा माणूस म्हणाला, तासभर झाला, श्रीरामपूरच्या अंगाला गेले. वाटभर मामा मागे बसून माझ्या खांद्यावर बोटं आपटत होते. प्रत्येक खड्ड्याला मोठ्याने "गेला" म्हणायचे. पाच-सहा वेळा ऐकलं आणि मी ओरडले, गप्प बसा. मग ते नुसतेच सुस्कारे टाकू लागले. ते तर त्याहून वाईट.

रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून ट्रॅक्टर सापडला. दोन ट्रॉल्या, त्यावर भांडी, कोंबड्या, माणसं. मामा स्कूटर थांबायच्या आधीच उतरले आणि गाड्यांच्या कडेने पळत सुटले. सत्तरीचा माणूस तो. बाई मागच्या ट्रॉलीत वर बसली होती, शेजारी गोधडीवर दोन्ही पोरं गाढ झोपलेली. मामांनी फक्त "कुराड काडा" म्हटलं. तिने गोधडीखाली हात घातला आणि तो तिथेच थांबला. मग तिने आधी धाकट्याला उचलून मांडीवर घेतलं. कुऱ्हाड बाहेर आली तेव्हा खोळीची खालची शिलाई फाटून पात्याचं टोक दोन बोटं बाहेर आलेलं होतं. गोधडीला चीर पडली होती. पोराला काही झालं नव्हतं. मी पोराचे पाय दोनदा तपासले.

रेल्वे धडधडत गेली. फाटक उघडायला लागलं, मागचे हॉर्न वाजवू लागले. तिथे शिवणार कधी? मामांनी चाकावर पाय दिला आणि वर चढले. मला म्हणाले, "तुमी जा ताई." कुऱ्हाड मांडीवर आडवी, दाताखाली दोरा, खिशातून आरी काढलेली, असे ते टोळीबरोबर निघून गेले. संध्याकाळी कुणाच्या तरी टेम्पोतून परत आले.

पुढे गावात ही गोष्ट झाली ती त्यांच्या विसराळूपणाची. मामा पट्टी घालायला विसरले, चर्चमधून उठून पळाले. ते स्वतःच सांगायचे, "माज्या हातून राहिली," आणि लोक हसायचे. मी गल्ल्यावर बसून ऐकायचे. मी खोळ ओढून घेतली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही. आधी वाटलं, त्यांच्या लक्षात नसेल. मग लाज वाटायला लागली, आणि दिवस जातील तसं बोलणं अवघडच होत गेलं. त्यानंतर मात्र त्यांच्या कामात मी कधी तोंड घातलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. चार दिवसांचा ताप. त्यांची जागा मी कुणाला दिलेली नाही, तिथे नळाचे पाइप उभे करून ठेवलेत.

परवा ती बाई आली, नव्या कुऱ्हाडीला. मामा कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती पायरीवर टेकली, पदर तोंडाला लावला. आणि काय झालं कोण जाणे, मला राहवेना. म्हटलं, बाई, त्या दिवशी चूक मामांची नव्हती. मी त्यांच्या हातातून ओढून घेतली होती.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "मी म्होरंच हुते ना उभी."

खरंच की. ती समोरच उभी होती. इतक्या दिवसांत मला हे सुचलंच नव्हतं.

"ट्रॉलीत म्या मामांना म्हनलं, त्या ताईंनी घाई केली. तर म्हनले, ताईंना न्हाई बोलायचं. जीव खालवर व्हायची सवय मला हाय, त्यांना कशाला."

तिची गाडी थांबली होती. मी कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळायला घेतली, पण सुतळीची गाठ काही केल्या बसेना.