पाठ फिरवून ऐकलेली गाडी

"सुपडं आहे बे हे, सुपडं! याच्यात गहू पाखडा, गहू!"

बडनेरा रोडवरच्या टपरीवर आमचे ड्रॉइंगचे मास्तर उभे राहून ओरडत होते. इतक्या जोरात, की समोर थांबलेल्या एसटीचा कंडक्टर घंटी मारायची विसरला. मास्तरांच्या हातात आमच्या दलालाचा मोबाइल होता आणि त्यात एका लाल, दोन दारांच्या, पोट जमिनीला घासणाऱ्या स्पोर्ट्स कारचा फोटो. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल, हा माणूस बढाया मारतो.

"नाक पाहा तिचं," मास्तर म्हणाले. "नाक काढता काढता पेन्सिल संपली, मंग मागची बाजू थुका लावून पुसून टाकली. याले डिझाइन म्हंतेत?"

"नाक चाटाचं आहे काय?" दलालानं मोबाइल हिसकला. "चार सेकंदात शंभर पकडते थे. तू चहा फुंकशीन, तवरिक गाडी मूर्तिजापूरले."

"अन् मूर्तिजापूरले जाऊन करशीन काय?" मी विचारलं. गाडीची किंमत वसूल होते की नाही, हे पाहायचं खातं आमच्यात माझ्याकडे. "डिक्कीत संत्र्याची एक पेटी मावत नाही. विकाले काढली तं भंगारवाल्याशिवाय कोणी दारात येनार नाही."

दलाल ऐकत नव्हता. हा माणूस कापसाचा दलाल. गेली कित्येक वर्षं त्याला अशी एक गाडी हवी होती, आणि आता घाई झाली होती, कारण गुडघे. डॉक्टरनं सांगितलं होतं, वाट्या बदलाव्या लागतील. अशा गाडीत बसायचं म्हणजे माणसाला जमिनीपर्यंत खाली जावं लागतं.

"गुडघे ठणठणीत आहेत माहे," तो म्हणाला आणि टेबलाला धरून उठला. "आताच घेतो. मंग नाही जमनार."

बाळापूरच्या एका ओळखीच्या सरकीवाल्यानं गाडी विकायची आहे म्हणून तो फोटो पाठवला होता. आम्ही निघालो.

आता आमच्या टोळीचा कायदा सांगायला हवा. हा कायदा दलालानंच कापसाच्या बाजारातून आणलेला. तो कापूस डोळे मिटून बघतो. बोंडातून रुई काढायची, दोन बोटांत धरून हलके ओढायची, धागा काय बोलतो ते ऐकायचं. डोळे उघडले की पांढरेपणाला भुलतो, म्हणे. तसंच गाडीचं. नवी गाडी पाहायची असली की आधी तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, मालकानं ती चालू करायची. आवाजावर निकाल द्यायचा आणि मगच वळायचं. यात आम्ही इतके तयार, की आमदाराची गाडी कुठली आणि आमदाराच्या मेव्हण्याची कुठली, हे पाठ फिरवूनच सांगतो.

दुपारी अकोला ओलांडलं. ऊन असं, की गाड्यांच्या सावल्यासुद्धा गाड्यांखाली घुसून बसल्या होत्या. बाळापूरला गावाबाहेर एक टिनाचं शेड, शेडसमोर कडुनिंब, निंबाखाली बाज आणि बाजेवर एक म्हातारे चाचा. जन्मभर जिनिंगमध्ये काम केलेले; मशिनीच्या आवाजानं दोन्ही कान गेलेले. ओठ वाचून मात्र सगळं कळायचं. शेडच्या उघड्या तोंडाशी गाडी होती, चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलेली. आम्ही खुणा करून आमचा कायदा समजावला. चाचांनी मान हलवली. जणू आमच्यासारखी डोकी फिरलेली माणसं त्यांच्याकडे रोज येत होती.

"राहा उभे," ते म्हणाले.

इथवर मी थोडंफार मीठ टाकत आलो. इथून पुढचं अळणी आहे.

आम्ही शेडकडे पाठ करून डोळे मिटले. जरा वेळ काहीच नाही. निंबावर कावळासुद्धा नाही. मग मागून गाडी चालू झाली. आधी एक खाकरा, मग खालच्या पट्टीतली गुरगुर. ती माझ्या टाचांतून वर चढली. शेडचे टिन थरथरले. पेट्रोलचा वास आला.

"पाहा!" दलाल ओरडला, डोळे मिटूनच. "हा आवाज चौकात निघाला तं अर्ध्या अमरावतीचे पत्रे उडतीन!"

"एक सिलिंडर मार खाते," मी म्हणालो. "त्याच्यावर भाव पाडता येईन."

"चूप बसा दोघंही," मास्तर हळूच म्हणाले. ज्यांनी तिला सुपडं म्हटलं होतं, तेच. "कोनीतरी एक्सिलेटरवर पाय देऊन राहिलं. ऐका. देते, सोडते. देते, सोडते. असं खेळत कोन पाय देते?"

म्हातारा माणूस देत नाही. मी डोळे उघडले.

समोर, निंबाखाली, चाचा बाजेवर तसेच बसले होते. उठलेलेच नव्हते. नाडी पाहावी तसा त्यांचा एक पंजा बाजेच्या पायावर सपाट टेकलेला होता. ते आमच्या ओठांकडे टक लावून पाहत होते.

मागचा आवाज बंद झाला.

आम्ही वळलो. चादर तशीच, सुतळीच्या गाठी तशाच. दलालानं गाठी सोडल्या. हावरा कसला, बॉनेटही त्यानंच उचललं. आत इंजिन नव्हतं. भुशावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि दुपारची झोपमोड केल्यासारखी आमच्याकडे पाहत होती.

तरी हा गडी बसला. दार उघडलं, दात आवळले आणि खाली, खाली, त्या सीटवर उतरला. लगेच त्याचा चेहरा पडला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"बाळापुरात उन्हाळ्यात काय थंड आहे, भाऊ?"

"बाजूची पाहा."

मी बाजूच्या सीटवर हात ठेवला. मडक्यासारखी गार.

त्याला उठता येईना. गुडघे अडकले. मी आणि मास्तरांनी काखेत हात घालून ओढला, तेव्हा बाहेर निघाला. समोर चाचा येऊन उभे होते.

"आवाज आला का, बेटा?" त्यांनी विचारलं. "सच सांगा."

मग तेच सांगू लागले. गाडी पोराची, भंगारातून उचलून त्यानंच उभी केलेली. रोज दुपारी कामावरून यायचा, इंजिन चालू ठेवून बापाचा हात बॉनेटवर टेकवायचा. बापाला ऐकू येत नाही, तर हातानं ऐकू दे. पोरगं तापानं गेलं. चाचांनी इंजिन काढून विकून टाकलं. त्यानंतर दुपारची बाज थरथरायला लागली.

"माहे कान नाहीत. मले काय मालूम, खरं का भास? म्हनून गाडी विकाले काढतो. गिऱ्हाईक येते, त्याले विचारतो. कोनी सांगत नाही. पळून जातेत."

मलाही पळायचंच होतं. मास्तर फाटकापर्यंत पोचलेही होते. दलाल मात्र थांबला. त्यानं मान हलवली: आला. मग चाचांच्या डोळ्यांसमोर हात धरला आणि एक नंबर रुई दाखवताना करतो तशी दोन बोटं जुळवून हलके ओढली.

चाचा हसले. इतके हसले, की त्यांना बाजेवर बसावं लागलं. मग पंजा पुन्हा बाजेच्या पायावर ठेवून म्हणाले, "मंग, नेता का?"

दलालानं चादर पुन्हा घातली. सुतळीच्या गाठी नीट मारल्या, होत्या तशा.

परतीच्या वाटेवर बोरगाव मंजू आलं. शेवटी मला राहवेना. "इंजिन दुसरं बसवता येते, तूच म्हंतो नेहमी. मंग? घेतो काय?"

तो गुडघे चोळत खिडकीबाहेर पाहत होता.

"बैठक लय खाली आहे तिची," तो म्हणाला.